फटफटीची घोडी

भवानी पेठेतल्या ईश्वरप्पा बडिगेरला घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्याच्यावर घाबरायची वेळच कधी आली नव्हती. तीस वर्षं बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं भ्यायचं कशाला? जू तुटलं तर बैल सुटतो, चाक मोडलं तर गाडी बसते, मालक येऊन चार शब्द सुनावतो. आपण खाली मान घालून ऐकायचे, चहा पाजायचा आणि नवं जू करून द्यायचं. लाकडाच्या धंद्यात जीव जात नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे, आणि त्याचं खरंही होतं.

पण चौतीस सालच्या उन्हाळ्यात मानसिंग ठेकेदारानं फटफटी आणली. मानसिंग विहिरी खोदायची कामं घेत असे. पुण्याला लष्कराच्या लिलावात त्यानं ती जुनी फटफटी घेतली आणि तिच्यामागं ओढायला दोन चाकांची लोखंडी गाडी जोडून घेतली. पेठेनं लगेच त्या गाडीचं नाव वासरू ठेवलं. फटफटी चालवायला मानसिंगनं ठेवलं शिवयोगीला, म्हणजे ईश्वरप्पाच्या एकुलत्या एक मुलीच्या, जगदेवीच्या नवऱ्याला. जावई फटफटीवर बसून पेठेतून गेला की ईश्वरप्पा तोंडानं ‘काय तो आवाज’ म्हणायचा आणि वळणापर्यंत बघत राहायचा.

अडचण होती ती वासरू जोडताना आणि सोडताना. बैल मान खाली घालतो, गाडीवान जू उचलतो, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. फटफटी काही मान खाली घालत नाही. तिच्या आकड्यातून वासराची दांडी काढली, की एक तर ती नाकावर आपटायची, नाहीतर मागं ओझं जास्त असलं तर गाडी उलाळून शेपटावर बसायची आणि दांडी आभाळाकडं जायची. म्हणून मानसिंगनं ईश्वरप्पाला दोन घोड्या, म्हणजे लाकडी टेकू, करायला सांगितल्या. एक पुढं दांडीखाली लावायची, दुसरी मागं शेपटाखाली. पुढचीची उंची बरोबर आकड्याएवढी हवी, म्हणजे फटफटी मागं सरकवली की काम झालं, कुणाला काही उचलायला नको.

“ओझं किती असणार?” ईश्वरप्पानं विचारलं होतं.

“असेल पाचेक मण,” म्हणून मानसिंग पान थुंकायला बाहेर गेला.

कसलं ओझं, हे ईश्वरप्पानं विचारलं नाही. गाडीवाल्याला कुणी असं विचारत नाही. पेंड असेल, पहारी असतील, मजुरांचं धान्य असेल. त्यानं मापं घेतली आणि कामाला लागला. मागची घोडी साधी चार पायांची. पुढची मात्र त्यानं डोकं चालवून तीन पायांची केली, उंचसखल रानात डुगडुगायला नको म्हणून. वर दांडी बसायला खोबण कोरली आणि तिला लोखंडी पट्टी मारली. स्वतःवरच खूश झाला.

शेवटच्या पायाला रंधा मारताना भेग दिसली. वीतभर लांब, नखाएवढी रुंद, आणि तिरकी. उभी असती तर बोलायचं कामच नव्हतं, उभ्या भेगेनं लाकूड मरत नाही. तिरक्या भेगेनं मात्र लाकडाची तुटायची जागा ठरून गेलेली असते. हे ईश्वरप्पाला त्याच्या बापानं शिकवलं होतं आणि त्यानं स्वतः अनेकांना ऐकवलं होतं. पण सुकलेली बाभूळ संपली होती आणि मानसिंगला उद्या सकाळीच घोड्या हव्या होत्या. तेव्हा अशा अडचणीत पेठेतला एकूण एक सुतार जे करतो तेच त्यानं केलं. लाख तापवली, तिच्यात भुसा कालवला, भेग बुजवली आणि वरून काव नि तेलाचा हात दिला. बायको सुंदरम्मा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं पाहिलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवयोगी घोड्या न्यायला आला. ईश्वरप्पानं त्याला घोडी कशी लावायची ते दाखवलं, आणि शेवटी घरचा नेम सांगितला. त्याच्या हातची कुठलीही वस्तू नारळावाचून वापरात जात नसे.

“जावईबापू, हिनं पहिलं ओझं पेललं की हिच्या डोस्क्यावर नारळ फोडा. पट्टी मारलीय तितंच. विसरू नका.”

“न्हाई विसरत, मामा,” शिवयोगी म्हणाला. आज तो नेहमीसारखा हसला नाही, हे ईश्वरप्पाच्या नंतर लक्षात आलं.

दहाच्या सुमारास सुंदरम्मा लेकीकडं शेंगाचटणी द्यायला गेली आणि डबा तसाच घेऊन परत आली. तिचा चेहरा पाहून ईश्वरप्पानं करवत खाली ठेवली.

“जगदेवी रडायलीय,” ती म्हणाली. “काल रात्री जावयानं तिला सांगितलं आणि तुमाला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातली. त्या गाडीतनं सुरुंगाच्या कांड्या न्यायच्यात. आठ पेट्या. होटगीच्या पुढं मळ्यात हीर खोदायलेत तितं.”

ईश्वरप्पानं हाताला लागलेला भुसा झटकला.

“त्यांचा सुरुंगवाला हाय की, धुळाप्पा, त्यो म्हणतोय, असल्या उन्हात कांड्यांना तेलाचा घाम फुटतो. मग पेटी जोरात ठेवायची सुदीक भ्या. म्हणून तर ती घोडी पायजे हुती. दांडी आपटू नये म्हणून.” ती थांबली. मग हळूच म्हणाली, “तुमी बुजवला त्यो पाय पुडच्याच घोडीचा न्हवं?”

ईश्वरप्पानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला पहिल्यांदा कळलं की भीतीला चव असते, तोंडात लोखंड धरल्यासारखी. आपण सांगितलेला नारळ त्याला आठवला. घामेजलेल्या आठ पेट्या, त्यांच्याखाली तिरकी भेग, आणि तिच्या डोक्यावर आपण स्वतः नेमून दिलेला घाव. जावई एकही गोष्ट विसरणारा नव्हता. सासऱ्यानं सांगितलं म्हणजे तो फोडणारच.

त्यानं टोपी घातली आणि अनवाणीच निघाला. सुंदरम्मानं वहाणा हातात घेऊन त्याला कोपऱ्यावर गाठलं.

हिशेब त्यानं चालता चालता केला. शिवयोगी आठला गेला. गावाबाहेरच्या सुरुंगाच्या दारूच्या कोठीवर कागद दाखवायचे, पेट्या भरायच्या, यात दहा वाजणार. पुढं माणसाच्या चालीनं हाकत जाणार, कारण खड्डा चुकवायलाच हवा. म्हणजे मळ्यावर पोचायला एक वाजेल. साडेअकराची पॅसेंजर धरली तर होटगीला बाराच्या पुढं, तिथून मैलभर चाल. जमेल. गाडी वेळेवर सुटली तर जमेल.

गाडी वेळेवर सुटली नाही. इंजिनाला पाणी घेत होते. ईश्वरप्पा डब्याच्या दारात उभा राहून त्या पाण्याच्या धारेकडं बघत होता आणि दाराचा गज पुन्हा पुन्हा सोडून धरत होता. शेजारच्या बाईनं विचारलं, “बरं न्हाय का काका?” त्याला सांगावंसं वाटलं की बाई, मी माझ्या जावयाला मारायला एक पाय बुजवलाय. तो “ऊन हाय” एवढंच म्हणाला.

होटगीला उतरला तेव्हा फलाटावरचे दगड वहाणांतून भाजत होते. मळा विचारून घेतला आणि गाडीवाटेनं भराभर निघाला. वाटेत धुळीवर त्याला दोन चाकांचा ताजा माग दिसला, मध्ये फटफटीच्या चाकाचा तिसरा. म्हणजे गाडी पुढं गेलेली होती. तो पळायला लागला. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, धोतर एका हातात धरून पळत होता, आणि कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

अर्ध्या वाटेवर समोरून धडाम् असा आवाज आला.

ईश्वरप्पा होता तिथंच खाली बसला. त्याच्या मनात एकही विचार नव्हता, फक्त जगदेवीचं लग्नातलं तोंड होतं, हळदीनं पिवळं झालेलं. पलीकडच्या शेतात एक धनगर मेंढरं राखत उभा होता. तो अंगावरची घोंगडी सावरत म्हणाला, “भ्यालासा व्हय? पल्याडच्या खाणीत रोज या टायमाला उडवत्यात की. मळ्यातला न्हवं त्यो.”

ईश्वरप्पाला रडू आलं. ते त्यानं तसंच येऊ दिलं आणि उठून चालू लागला. आता पळायची ताकदच उरली नव्हती.

मळ्यात विहिरीच्या अलीकडं कडुलिंबाची सावली होती. तिथं वासरू उभं होतं. शिवयोगीनं फटफटी आकड्यातून सोडवून वीस पावलांवर नेऊन लावली होती. पुढची घोडी दांडीखाली, मागची शेपटाखाली, दोन्ही अगदी त्यानं दाखवल्याप्रमाणं. चार-पाच मजूर हात जोडून उभे होते. डाव्या हाताची दोन बोटं नसलेला एक उंच माणूस, हाच धुळाप्पा असणार, घोडीपुढं वाकला होता, आणि त्याच्या उजव्या हातात नारळ होता. शिवयोगीनं सासऱ्याचा नेम सांगून फोडायचा मान त्यालाच दिलेला दिसत होता.

ईश्वरप्पाला ओरडायचं होतं. पण ओरडल्यावर माणूस दचकतो, आणि दचकलेला हात कुठं पडेल सांगता येत नाही. तो तोंड दाबून चालत राहिला. दहा पावलं उरली असताना हात बेतानं खाली आला. टप्. नारळ फुटला नाही, घसरून धुळीत गेला. दांडी केसभर हलली. घोडीच्या तिसऱ्या पायावरून काव लावलेली लाखेची खपली निघाली आणि मातीत पडली. भेग उघडी झाली. ती आता नखाएवढी नव्हती, बोट जाईल एवढी होती.

धुळाप्पानं नारळ उचलून पुन्हा हात वर केला. ईश्वरप्पानं त्याचं मनगट धरलं.

“नारळ खाली ठेवा,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की स्वतःलाच ऐकू आला नाही. तो पुन्हा म्हणाला, “ठेवा खाली. आन् सगळ्यांना लांब जायाला सांगा. पाय तुटायलाय.”

धुळाप्पानं पायाकडं पाहिलं. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं मजुरांकडं नुसता हात केला आणि ते बांधापलीकडं असे गेले की पानसुद्धा वाजलं नाही. ईश्वरप्पा तोवर एक गुडघा टेकून दांडीखाली शिरला होता. घोडीच्या शेजारी त्यानं खांदा लावला आणि हलकेच वर दाब दिला. दांडी खोबणीतून उचलली नाही, फक्त तिचं वजन पायावरून त्याच्या खांद्यावर आलं.

“मामा? तुमी हितं कसं?” शिवयोगी धावत आला होता. “सरा बाजूला. मी फटफटी आणतो, परत जोडू.”

“न्हाय. आकडा बसताना धक्का बसतो. पेट्या उतरवा.”

“मग मी धरतो. तुमी व्हा बाहेर.”

“खांदा बदलताना दांडी हलंल, जावईबापू. हात जोडतो. पेट्या उतरवा.”

दगड रचून टेकू देता आला असता. पण त्या पेट्यांखाली दगडावर दगड ठेवायची तिथं कुणाची हिंमत होती? धुळाप्पानं पेट्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं आणि ते उन्हात धरलं. बोट तेलकट चमकत होतं. त्यानं ते धोतराला पुसलं नाही, मातीत हळूच घासलं.

“मागल्या आधी निघतील,” धुळाप्पा म्हणाला. “पुडच्या काढायच्या तर तुमच्या डोस्क्यावरनं वाकावं लागंल, त्ये मी करनार न्हाय.”

ईश्वरप्पानं मान हलवली. तो गाड्यांचा माणूस होता, पुढं काय होणार ते त्याला नीट कळत होतं. आता आठ पेट्या चार मागं चार पुढं आहेत, गाडी तोलात आहे, खांद्यावर ओझं जवळजवळ नाहीच. मागची एकेक पेटी निघाली की गाडी एकेक पायरी नाकावर येणार. चारही निघाल्या की पुढच्या चारांचा सगळा रेटा आपल्यावर. म्हणजे जसजसं काम होत जाणार तसतसं ओझं वाढणार.

शिवयोगी आणि धुळाप्पानं पहिली पेटी दोन बाजूंनी उचलली. दोघंही श्वास धरून होते. सावलीत अंथरलेल्या गवतावर ती ठेवेपर्यंत तीस पावलं. ईश्वरप्पानं ती मोजली. दुसरी निघाली आणि दांडी खांद्याच्या हाडावर बसली. तिसरीला गुडघ्याखालचा खडा मांसात शिरला. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. शेजारी घोडीचा पाय कुरकुरला. तो आवाज त्यानं आयुष्यात हजारदा ऐकला होता आणि कधी मनावर घेतला नव्हता.

चौथी पेटी निघाली. आता खांदा आपला राहिलाच नाही असं त्याला वाटलं. मला सोडावंसं वाटतंय, हे त्याला स्पष्ट कळलं, आणि त्या कळण्यानंच तो जास्त घाबरला. मरणाची भीती एवढी नव्हती. शरीर ऐकणार नाही याची होती.

शिवयोगी चौथी ठेवून परत आला आणि दांडीजवळ वाकला. त्याचं तोंड सासऱ्याच्या तोंडापाशी होतं.

“मामा, तुमाला कसं कळलं पाय तुटणार म्हणून?”

खोटं बोलायला ती जागा फार चांगली होती. स्वप्न पडलं म्हणाला असता तरी चाललं असतं.

“भेग हुती,” ईश्वरप्पा म्हणाला. “तिरकी. मीच बुजवली लाख घालून. मला ठावं हुतं.”

शिवयोगी त्याच्याकडं बघत राहिला. धुळाप्पा मागून हळूच म्हणाला, “चला, पाचवी.” शिवयोगी उठला. जाताना त्यानं सासऱ्याच्या डोळ्यांवरचा घाम आपल्या उपरण्यानं टिपला.

पाचवी निघाली, सहावी निघाली. मागची जागा रिकामी झाली होती, आता ते दोघं तिथून हात घालून काढत होते. ओझं उतरत गेलं तसा ईश्वरप्पाचा खांदा थडथड उडायला लागला, आणि दांडी हलू नये म्हणून त्यानं दात इतके आवळले की एक दाढ कडकन वाजली. सातवी. आठवी निघाली तेव्हा त्याला कळलंच नाही. शिवयोगीनं त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं, आणि रिकामी दांडी घोडीवर टेकली. पाय तेवढ्यानंसुद्धा मोडला. तिरक्या भेगेवरून, जसा मोडायला हवा तसा, आणि दांडी मऊ मातीत आपटली. कुठंच काही झालं नाही.

मजूर बांधामागून आले. धुळाप्पानं येऊन वाकून ईश्वरप्पाच्या पायांना हात लावला.

“बिरोबानंच धाडलं तुमाला,” तो म्हणाला. “न्हायतर दुसरा नारळ मी फोडलाच हुता. आमच्या लेकराबाळांवर उपकार हाईत तुमचे.”

मजूरही वाकायला लागले. ईश्वरप्पानं पाय आखडून घेतले. त्याला ते सहन होईना. त्यानं शिवयोगीकडं पाहिलं, की हा तरी सांगेल. शिवयोगी मोडका पाय हातात घेऊन भेगेत उरलेली लाख नखानं काढत होता.

“देवानं न्हाय धाडलं,” ईश्वरप्पा म्हणाला. “घोडी मी केली. पाय खराब हुता त्ये मला म्हाईत हुतं. वरनं काव लावली. नारळ फोडायला पन मीच सांगितलं.”

धुळाप्पा हळूहळू सरळ उभा राहिला. त्यानं काही शिवी दिली नाही. फक्त ज्या हातानं पायाला शिवला होता तो हात त्यानं बघितला, आणि तो पेट्यांकडं निघून गेला. मजूर एकमेकांकडं बघत त्याच्यामागं गेले. कडुलिंबाखाली सासरा आणि जावई दोघंच राहिले.

“मला सांगितलं असतं कांड्या हाईत म्हणून,” ईश्वरप्पा म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला लाज वाटली.

“तर चांगला पाय लावला असता?”

होय म्हणावं, तर पेंडीच्या गाडीला बुजवलेला पाय चालतो असं होतं. नाही म्हणायची तर सोयच नव्हती. ईश्वरप्पा जमिनीकडं बघत बसला.

शिवयोगी सासऱ्याच्या घरी गेला की त्याच्यासाठी आत चटई अंथरली जाई, लोटाभर पाणी येई, आणि कामाच्या छपराकडं त्याला कुणी फिरकू देत नसे. जावयानं भुशात बसायचं नसतं. त्यानं मोडका पाय उपरण्यात गुंडाळून फटफटीच्या पिशवीत घातला.

“गुरवारी दुसरी खेप हाय,” तो म्हणाला. “घोडी तुमीच करा, मामा. दुसऱ्याच्या हातची मी लावनार न्हाय.”

ईश्वरप्पानं वर पाहिलं.

“पन ह्या खेपेला लाकूड कापल्यापासनं मी छपरात तुमच्या म्होरं बसनार. पाय न् पाय बघनार.”

तीस वर्षांत ईश्वरप्पाच्या हाताकडं असं कुणी बघत बसलं नव्हतं. बाप गेल्यापासून नाहीच. त्याला एकदम गुरुवारची भीती वाटली, कांड्यांची आणि त्या बघणाऱ्या डोळ्यांची, दोन्हींची सारखीच.

“बसा,” तो म्हणाला. “बसाच तुमी.”